नव्या वस्तीतला मुका टेलिफोन

नवीन जागा घ्यायची म्हटली की चार गोष्टींची चौकशी आपण हमखास करतो. पाणी किती वेळ येते, स्टेशन किती लांब, शाळा कुठे आणि भाजी-किराणा जवळ मिळतो की नाही. जुनी माणसे याशिवाय शेजार कसा आहे हेही विचारीत. अलीकडे या यादीत आणखी एक गोष्ट घालावी लागते आणि ती बहुधा सामान हलवल्यानंतरच आठवते. किल्ली मिळते, देव मांडले जातात, चुलीवर दूध उतू घातले जाते आणि मग ‘पोहोचलो बरं का’ एवढे सांगायला गावी फोन लावावा, तर हातातला मोबाइल मुका! बैठकीच्या खोलीत कशीबशी एक रेघ, स्वयंपाकघरात तीही नाही. मग घरातले प्रत्येक माणूस आपापला कोपरा शोधून काढते. कुणी खिडकीत कान लावून उभे, कुणी जिन्यात, कुणी थेट गच्चीवर.

हे गाऱ्हाणे आपल्याला अगदी आजचे वाटते. वास्तविक ते मोबाइलपेक्षा पुष्कळ जुने आहे. आपल्या देशात टेलिफोन आला त्याला १४० वर्षांहून अधिक काळ लोटला. या सगळ्या काळाचा हिशेब मांडला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. वस्ती आधी होते आणि आवाज मागाहून येतो. घर बांधणारा एक, तार ओढणारा दुसरा. दोघांचे वेळापत्रक सहसा जुळत नाही. मधल्या काळात जे तिथे राहायला जातात त्यांना तो काळ आपल्या युक्तीने आणि शेजाऱ्यांच्या आधाराने काढावा लागतो.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले ते १८७६ साली. अवघ्या पाच वर्षांनी, १८८१ मध्ये, ओरिएंटल टेलिफोन कंपनी या इंग्रजी कंपनीला हिंदुस्थानात टेलिफोन चालवण्याचा परवाना मिळाला. २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या तीन शहरांतली टेलिफोन केंद्रे खुली झाल्याचे जाहीर करण्यात आले. कलकत्त्याच्या केंद्राचे आरंभीचे ग्राहक होते फक्त ९३. आज एका मध्यम सोसायटीत याहून जास्त मोबाइल असतात.

त्या काळी प्रत्येक ग्राहकाची स्वतंत्र तार थेट केंद्रापर्यंत न्यावी लागे. तिथे बसलेला माणूस एकाची तार दुसऱ्याच्या तारेला जोडून देई. म्हणजे केंद्रापासून जितके दूर, तितकी तार लांब आणि खर्च जास्त. कंपनी ही कंपनीच. जिथे थोड्या तारेत पुष्कळ ग्राहक मिळतील तिकडे तिचे लक्ष आधी जाणार. पेढ्या आणि कचेऱ्या यांच्या भागात टेलिफोन लवकर वाजला, तो या साध्या हिशेबाने.

दरम्यान शहर हातपाय पसरू लागले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या. हवा खेळावी, रस्ते रुंद असावेत, सांडपाणी नीट वाहून जावे, हा त्या आखणीचा हेतू होता. टेलिफोन हा मात्र खाजगी कंपनीचा धंदा. तो आपल्या चालीने यायचा तेव्हा येणार. रस्ता आणि गटार आखणीत, टेलिफोन आखणीबाहेर, ही वाटणी तेव्हापासूनची आहे आणि ती अजून पुरती मोडलेली नाही.

१९४३ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथली टेलिफोन व्यवस्था सरकारने आपल्या हाती घेतली. पुढे स्वातंत्र्य आले आणि शहरांची वाढ अशी काही सुरू झाली की तिला तारा पुरेनात. आता व्यवस्था अधिक बांधेसूद झाली होती. एक्स्चेंजमधून जाड केबल निघे, ती रस्त्याखालून वस्तीपर्यंत येई, तिथे खांबावर किंवा भिंतीवर डी.पी. बॉक्स असे आणि त्यातून तारांची एकेक जोडी घरोघर जाई. लाइनमनची शिडी आणि कमरेला लटकवलेला रिसीव्हर हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते अजून आठवत असेल. पण बॉक्समधल्या जोड्या मोजक्याच. त्या संपल्या की संपल्या. मग अर्जदाराला कचेरीतून उत्तर येई की, आपल्या भागात सध्या टेलिफोन देणे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही. नव्या वस्तीत राहायला गेलेल्या हजारो कुटुंबांनी हे वाक्य ऐकलेले आहे. अनामत भरलेली, यादीत नाव लागलेले, सगळे ठीक. पण रस्त्याखाली केबलच नाही, तर नुसत्या यादीतल्या नावाला कोण काय करणार?

ज्यांच्याकडे जुन्या घरी टेलिफोन होता त्यांचीही सुटका नव्हती. जागा बदलली की टेलिफोन हलवण्याचा अर्ज करायचा आणि वाट पाहायची. शिवाय नंबराचे पहिले आकडे त्या त्या एक्स्चेंजचे. त्यामुळे दुसऱ्या एक्स्चेंजच्या हद्दीत गेले की नंबर बदलणार आणि सगळ्या नातेवाइकांना पुन्हा पत्रे लिहावी लागणार. तेव्हाचा टेलिफोन माणसाचा नव्हताच, तो घराचा होता. घर सोडले की तो तिथेच राहायचा.

या अडचणीतून आपल्या लोकांनी एक तोड काढली होती. लग्नपत्रिकेवर किंवा दुकानाच्या पावतीवर टेलिफोन नंबर छापलेला असे आणि त्यापुढे कंसात दोन अक्षरे, ‘पी.पी.’. ट्रंक कॉलच्या परिभाषेत ‘पर्टिक्युलर पर्सन’, म्हणजे अमक्याच माणसाशी बोलायचे आहे, अशी सोय होती. त्यातून हा शब्द आला. त्याचा व्यवहारातला अर्थ मात्र एवढाच की, नंबर शेजाऱ्यांचा आहे, आम्हांला बोलावून देतील. आळीत एकाकडे टेलिफोन असला की तो दहा घरांचा असे. ‘जरा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना हाक मारता का?’ असा निरोप आला की त्या घरातले पोर जिना चढून जायचे. काकू पदराला हात पुसत यायच्या आणि ज्या घरी बोलायचे त्या घरच्या मंडळींसमोरच आपली सुखदुःखे बोलायच्या. यात शेजाऱ्याला त्रास होताच. अवेळी घंटी वाजे. कुणाच्या मृत्यूची बातमी आधी त्यालाच कळे आणि ती वर जाऊन सांगण्याचे अवघड कामही त्याच्याच वाट्याला येई. तरी ‘आमच्याकडे फोन करू नका’ असे म्हणणारी माणसे थोडी. टेलिफोन मिळणे नशिबाचे होते. तो वापरू देणे हा शेजारधर्म होता.

ही टंचाई किती होती? १९९१ साली सुमारे साडेचौऱ्याऐंशी कोटी लोकांच्या या देशात टेलिफोन होते जेमतेम ५० लाख. म्हणजे हजार माणसांमागे सहा. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात कोपऱ्या-कोपऱ्यावर एस.टी.डी.-पी.सी.ओ.च्या टपऱ्या उभ्या राहू लागल्या, त्यांनी पुष्कळ दिलासा दिला. रात्री दर उतरले की त्यांच्यापुढे रांगा लागत. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने तर मागेल त्याला टेलिफोन देण्याचे उद्दिष्ट ठेवले. पण तोवर दुसरीच एक वाट खुली होत होती आणि ती तारेवाचूनची होती.

बिनतारी लहरींच्या आरंभीच्या इतिहासात आपल्या देशाला मानाचे स्थान आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्यात लोकांसमोर प्रयोग करून दाखवला. लहरी भिंतीपलीकडे गेल्या, दूरची घंटा वाजली आणि बंदुकीच्या दारूने पेट घेतला. लहर भिंत ओलांडते, हे तेव्हा सिद्ध झाले. ती किती भिंती ओलांडते आणि कसल्या भिंती ओलांडते, हा प्रश्न मात्र आजच्या सदनिकाधारकासाठी शिल्लक राहिला.

बिनतारी टेलिफोन मोटारीत बसवण्याची व्यवस्था अमेरिकेत सेंट लुईस शहरी १९४६ साली सुरू झाली. पण सबंध शहरासाठी एकच मोठे केंद्र असल्यामुळे एका वेळी अगदी थोड्या लोकांनाच बोलता येई. पुढच्याच वर्षी बेल प्रयोगशाळेतल्या डग्लस रिंग यांनी एक टिपण लिहिले. त्यातली कल्पना अशी की, शहरावर एकच मोठा दिवा लावण्याऐवजी गल्लोगल्ली लहान दिवे लावावेत. मुलखाचे मधमाशीच्या पोळ्यासारखे षट्कोनी कप्पे पाडावेत, प्रत्येक कप्प्यात एक लहान केंद्र ठेवावे आणि दूरदूरच्या कप्प्यांत त्याच लहरी पुन्हा वापराव्यात. अशा कप्प्याला इंग्रजीत ‘सेल’ म्हणतात. त्यावरून ‘सेल्युलर’ हे नाव पडले. ही कल्पना यंत्रात उतरायला बराच काळ जावा लागला. १९७३ च्या एप्रिलमध्ये मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातल्या फोनवर पहिले संभाषण केले. १९७९ मध्ये टोकियोत कप्प्यांचे पहिले व्यापारी जाळे सुरू झाले.

आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवर बोलले आणि या युगाला आरंभ झाला. तेव्हा बोलणाऱ्यालाच नव्हे, तर ऐकणाऱ्यालाही पैसे पडत. २००३ च्या मे महिन्यापासून येणारे कॉल मोफत झाले आणि मोबाइल रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत पोहोचला. टेलिफोन आता घराचा राहिला नाही, तो माणसाचा झाला. २०११ च्या जानेवारीपासून नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली. २०१५ च्या जुलैपासून एका मंडळातून दुसऱ्या मंडळात जातानाही नंबर कायम ठेवता येऊ लागला. म्हणजे मुंबईचा माणूस नागपूरला बिऱ्हाड हलवील, पण नंबर तोच.

आणि इथेच आपला एक गैरसमज झाला. नंबर माणसाबरोबर हिंडू लागला म्हणून आपण समजलो की, आवाजही त्याच्याबरोबर कुठेही जाईल. खरे पाहता मोबाइल बिनतारी असतो तो फक्त शेवटच्या टप्प्यात, आपल्या कानापासून जवळच्या टॉवरपर्यंत. टॉवरच्या पुढचे काम बहुतेक जमिनीखालच्या केबलचे. पूर्वी खांबावर डी.पी. बॉक्स असे, आज गच्चीवर टॉवर असतो, एवढाच फरक. बॉक्समधल्या जोड्या संपत. टॉवरचीही एका वेळी इतक्या लोकांना वाट देण्याची मर्यादा ठरलेली असते. चार वर्षांपूर्वी जिथे माळरान होते तिथे वीस मजल्यांच्या बारा इमारती उठल्या आणि टॉवर मात्र माळरानाच्या हिशेबाचा राहिला, तर दुसरे काय होणार? वस्ती भरल्याशिवाय कंपनी खर्च करीत नाही आणि फोन लागत नाही म्हणून भरणारी वस्ती कुरकुरते. पेढ्यांच्या भागात आधी तार नेणाऱ्या कंपनीचाच हा हिशेब.

याशिवाय आणखी तीन कारणे आहेत आणि ती समजून घेण्याजोगी आहेत. पहिले लहरीचे. आकाशवाणीची मध्यमलहरी काही शे मीटर लांब असते. ती डोंगराला वळसा घालून खेड्यापाड्यांत पोहोचते. मोबाइलची लहर त्या मानाने अगदी आखूड. आपल्याकडे आरंभी जी ९०० मेगाहर्ट्‌झची लहर वापरात आली तिची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर. नंतर १८०० ची आली, ती त्याच्या निम्मी. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ‘फाइव्ह-जी’ची एक मुख्य लहर तर नऊ सेंटिमीटरांच्याही आतली. लहर जितकी आखूड तितकी माहिती जास्त वाहता येते, पण भिंतीपुढे ती तितकीच लवकर थकते. ठाण्याला येऊरचा डोंगर, नव्या मुंबईला पारसिकची रांग, पुण्याला वेताळ टेकडी. अशा डोंगराआड टॉवर असला तर त्याची सावली वस्तीवर पडते.

दुसरे कारण घरांचे. कौलारू छप्पर आणि लाकडी तावदाने यांतून लहर सहज आत येते. आजची इमारत सिमेंट-काँक्रीटची, आत लोखंडी सळ्यांची जाळी, बाहेर धातूचा मुलामा दिलेली काच. ऊन आत येऊ नये म्हणून लावलेली काच लहरीलाही परतवून लावते. लहर आखूड होत गेली आणि भिंती मात्र कठीण होत गेल्या.

तिसरे कारण उंचीचे. टॉवरच्या अँटिना रस्त्याकडे किंचित झुकवलेल्या असतात, कारण माणसे खाली आहेत असे गृहीत धरलेले असते. पंचविसाव्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला जवळच्या टॉवरचा आवाज नीट मिळत नाही आणि लांबलांबच्या दहा टॉवरांचे क्षीण आवाज एकदम ऐकू येतात. फोन या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारीत राहतो आणि बोलणे मध्येच तुटते. खिडकीतून सारे शहर दिसते, पण शहरातल्या माणसाशी बोलता येत नाही.

मग टॉवर वाढवावेत, हे ओघाने आले. पण ते उभे कुठे करायचे? १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने सरकारी तारखात्याला कुणाच्याही जमिनीवरून तार नेण्याचा आणि खांब रोवण्याचा अधिकार दिला होता. द्यायची ती फक्त झालेल्या नुकसानीची भरपाई. १९९५ नंतर आलेल्या खाजगी कंपन्यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी इमारतींच्या गच्च्या भाड्याने घेतल्या. सोसायट्यांना उत्पन्न मिळाले, पण लवकरच भीतीही शिरली. या लहरींनी आजार होतात काय, लहान मुलांना अपाय होईल काय, असे प्रश्न सभांतून निघू लागले. प्रश्न विचारणे गैर नव्हते. १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्या सरकारने टॉवरच्या लहरींसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा घातली. ठराविक शुल्क भरून आपल्या घराजवळची मोजणीही नागरिकाला करवून घेता येते. पुढे २०१६ मध्ये आणि नव्या दूरसंचार कायद्याखाली १ जानेवारी २०२५ पासून केबल व टॉवर यांना जागा देण्याचे नियम सुधारण्यात आले. तरीही खाजगी गच्चीसाठी प्रथम मालकाशीच बोलणी करावी लागतात, आणि ते योग्यही आहे.

एक गोष्ट मात्र अशा सभांतून सहसा सांगितली जात नाही. टॉवर जितका लांब तितका आपल्या हातातला फोन जास्त जोर लावून ओरडतो. त्याची बॅटरी लवकर उतरते ती त्यामुळेच. म्हणजे गच्चीवरचा टॉवर घालवून आपण लहरीपासून दूर पळालो असे होत नाही. कानाशी धरलेल्या यंत्राचा जोर उलट वाढतो. ‘टॉवर पलीकडच्या इमारतीवर असावा आणि रेघा मात्र आमच्या घरी पुऱ्या याव्यात’ ही इच्छा मानवी आहे. पण पलीकडची इमारतही हेच म्हणत असते.

हा वाद केवळ सोयीचा असता तर सोडून देता आला असता. पूर्वी फोन नसला तर निरोप उशिरा मिळे, एवढेच. आज बँकेचा सांकेतिक आकडा फोनवर येतो. रुग्णवाहिका फोनवर बोलवायची असते. मुले कामावर गेल्यानंतर घरी राहिलेल्या म्हाताऱ्या आईबापांचा साऱ्या जगाशी असलेला धागा तो एकच. घरातला तारेचा टेलिफोन बहुतेकांनी काढून टाकला. कोपऱ्यावरचा पी.सी.ओ. गेला. शेजाऱ्याकडे जावे तर त्याचा फोनही त्याच कंपनीचा आणि तितकाच मुका. आधाराच्या जुन्या वाटा एकेक करून बंद झाल्या आणि सारा भार एका रेघेवर येऊन पडला. म्हणून ती रेघ आहे की नाही, याला आज पाण्याइतके महत्त्व आले आहे.

तेव्हा नव्या वस्तीत जाणाऱ्याने काय करावे? प्रथम, जागा पाहायला जाताना दोन-तीन कंपन्यांचे फोन बरोबर न्यावेत आणि गॅलरीत नव्हे, तर आतल्या खोलीत, दार लावून बोलून पाहावे. शक्यतो संध्याकाळी, लोक घरी असताना. आपले जाळे कुठे पोहोचते याचे नकाशे प्रसिद्ध करणे ‘ट्राय’ या नियामक संस्थेने २०२४ च्या नियमांनी कंपन्यांवर बंधनकारक केले आहे. ते नकाशे पाहावेत. पण नकाशा साधारणपणे उघड्यावरचा असतो, भिंतीआडचा नव्हे, हे लक्षात ठेवावे. राहायला गेल्यावर आपली कंपनी मुकी आणि दुसरी बोलकी निघाली, तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलावी. सगळ्याच मुक्या असतील, तर घरात केबलने येणारे इंटरनेट घ्यावे आणि त्यावरून, म्हणजे वाय-फायवरून, बोलण्याची सोय फोनमध्ये सुरू करावी. २०१९ च्या अखेरीपासून ही सोय आपल्याकडे मिळू लागली आहे. मात्र वीज गेली की तीही जाते, म्हणून त्या यंत्राला बॅटरीची जोड द्यावी. ११२ हा आणीबाणीचा क्रमांक आपल्या कंपनीची रेघ नसतानाही दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरून लागावा, अशी योजना मोबाइलच्या रचनेतच आहे. घरातल्या वडील माणसांना ते सांगून ठेवावे. बाजारात मिळणारा परवान्याविना ‘बूस्टर’ मात्र लावू नये. तो बेकायदा आहेच. शिवाय तो आपल्या घरात आवाज आणताना आसपासच्या शंभर घरांचा आवाज बिघडवू शकतो.

आणि तक्रार एकट्याने करू नये. एका बिऱ्हाडाची तक्रार ही कंपनीच्या लेखी एका फोनचा बिघाड असते. साठ बिऱ्हाडांनी तारीख, वेळ आणि मजला लिहून सह्यांनिशी दिलेली तक्रार हा त्या भागाचा प्रश्न होतो. ‘ट्राय’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना दूरसंचाराच्या सोयींवरून श्रेणी देण्याचे नियम केले आहेत. अशी श्रेणी घेण्याची सक्ती नाही. पण इमारत बांधतानाच केबलच्या वाटा आणि लहान अँटिनांच्या जागा ठेवाव्यात, ही दृष्टी त्यामागे आहे. इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या काळी आखणीबाहेर राहिलेला टेलिफोन सव्वाशे वर्षांनी आखणीत येऊ पाहतो आहे. घर घेणाऱ्यांनी पाणी आणि लिफ्टप्रमाणे याचीही विचारणा सुरू केली तर बांधणाऱ्यांनाही त्याची दखल घ्यावी लागेल.

नव्या सोसायटीच्या पहिल्या सभेत रखवालदार, पाण्याची टाकी आणि गाड्या ठेवण्याच्या जागा हे विषय ठरलेलेच असतात. त्यात हा एक विषय घालावा. टॉवरला जागा द्यायची की नाही, द्यायची तर कोणत्या अटींवर, मोजणी कोण करणार, हे शांतपणे, आकडे पुढे ठेवून ठरवावे. आणि त्याच सभेत आणखी एक यादी करावी. कोणाच्या घरी कोणत्या कंपनीचा फोन नीट लागतो, कोणाकडे केबलचे इंटरनेट आहे आणि कोणत्या घरी दिवसा म्हातारे माणूस एकटे असते. ही यादी जिन्यापाशी लावता येणार नाही, पण मजल्यावरच्या शेजाऱ्यांना ती ठाऊक असावी. अशा घरी निरोप पोहोचवायला जिना चढून जाणारे कोणीतरी लागते, पी.पी.च्या काळात ते होते, ते आजही हवे.